दुसरा हात

मावशीने त्याला ओळखलं ते मानेवरून.

तोंड तिने कधी धड पाहिलंच नव्हतं. कोर्टात ती मागच्या बाकावर आणि तो पुढे, तिच्याकडे पाठ करून. खटला रेंगाळला तेवढा काळ ती एकच गोष्ट बघत बसायची: कॉलरच्या वर निघालेली जाड, विटेच्या रंगाची मान आणि तिच्या डाव्या बाजूला जुन्या गळवाचा नखाएवढा खड्डा. मान तिला तोंडपाठ झाली होती. तिच्यावर काय काय घालता येईल याचाही तिने तिथे बसून सावकाश विचार केला होता. इस्त्री, हातोडी, उकळतं तेल. कोर्टात माणसाला वेळ बराच मिळतो.

आणि आता तीच मान बॉक्सिंग हॉलच्या दारात, पाठमोरी, वाकून खांद्यावरची शिडी खाली ठेवत होती. शेजारी कोर्टाने नेमलेले देखरेखवाले साहेब रुमालाने नाक पुसत उभे होते. साहेबांना बारा महिने सर्दी.

"मावशी, हा तुमचा माणूस. हॉलच्या सगळ्या भिंती रंगवणार. फुकट. शिक्षाच आहे त्याची."

मावशी म्हणजे सगळ्या हॉलची मावशी. किल्ल्या तिच्याकडे. फरशीवरचं रक्त सुकायच्या आत पुसायचं काम तिचं आणि फाटलेल्या बॅगा दाभणाने शिवायचंही तिचंच. बॅगा म्हणजे छताला लोंबणारी, माणसाच्या उंचीची, चिंध्या ठासून भरलेली चामड्याची पोती; खेळाडू त्यांना रोज बडवून काढतात. नवरा गेल्यापासून ती तो आवाज ऐकत आली होती. पाठ फिरवून उभी असली तरी तिला कळायचं, ठोसा खांद्यातून आलाय की नुसता मनगटातून.

"तुरुंगात पाठवून काय होतं हो?" साहेब समजावत होते. तिने काही विचारलं नव्हतं, पण साहेबांना समजवायची सवय होती. "आत बसून खातो, आणखी चार गुंडांच्या ओळखी करून बाहेर येतो. त्यापेक्षा जिथे मारामारी केली तिथल्याच लोकांचं काम करू दे. लोकांना दिसू दे, त्यालाही लोक दिसू देत. अट एकच. शिक्षा संपेपर्यंत कुणावर हात उचलायचा नाही. बोट जरी लावलं, तर मला फोन करा. उरलेली शिक्षा सरळ तुरुंगात."

"बोट जरी?" मावशीने विचारलं.

"बोट जरी," साहेब म्हणाले आणि शिंकले.

ज्याचा डोळा या माणसाने फोडला तो मावशीचा सख्खा भाऊ, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. लग्नात आडनाव बदललेलं. कुणी विचारलं नाही. सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं खरं. पण तेवढ्यात तो रंगारी सरळ झाला, तिच्याकडे वळला आणि अदबीने म्हणाला, "नमस्कार बाई." तिने तोंड मिटलं.

रंगाऱ्याला रंगवायला लावणं ही शिक्षा असेल, तर आपल्याला कुणीतरी शिक्षा म्हणून झोपायला लावावं, असं तिच्या मनात आलं. मग दुसरं आलं. बोट जरी. म्हणजे त्याने आपल्याला एकदा मारलं की झालं. गालावर, पाठीत, कुठेही. दात पडला तरी हरकत नाही. एक दाढ तशीही हलत होती.

भाऊ चांगला सहा फुटी, पण धाकटा म्हणून घरातलं नाव छोट्या. बस चालवायचा. एके दिवशी त्याने दुकानासमोर स्कूटर लावली आणि वरून तिच्यावर रंगाचे थेंब पडले. वर शिडीवर एक म्हातारा रंगारी, खाली त्याचा मुलगा. शब्दाने शब्द वाढला. "मी फक्त शिडीला हात लावला गं ताई," छोट्या सांगायचा, "आणि त्या जनावराने दांडी घातली." लांब दांडीच्या टोकाला रोलर अडकवायचा लोखंडी आकडा असतो. तो आकडा डोळ्यात गेला. दवाखान्यात मावशीच्या हातात त्याचा शर्ट दिला तेव्हा तो पत्र्यासारखा ताठ होता. पुढे पट्टी बदलताना तिने खालचं पाहिलं. गुलाबी, ओली, रिकामी वाटी. एका डोळ्याच्या माणसाला बस देत नाहीत. आता छोट्या डेपोत बसून लोकांच्या हरवलेल्या छत्र्या सांभाळायचा.

कोर्टात रंगाऱ्याचा वकील म्हाताऱ्याच्या मोडलेल्या खुब्याबद्दल आणि चिथावणीबद्दल पुष्कळ बोलला होता. वकील बोलतातच, त्यासाठीच ठेवलेले असतात. मावशी तेवढा वेळ मानेकडे बघत होती.

तर मावशीने आपलं काम सुरू केलं.

आधी लहानसहान. त्याच्या जेवणाच्या वेळेला नळ बंद. संडासाची किल्ली हरवली. त्याने तासभर घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर तिने फरशी पुसलेलं काळं पाणी भिरकावलं आणि म्हणाली, "अरेच्चा, तुम्ही इथे होता होय?" त्याने पाणी निथळू दिलं आणि पुन्हा घासायला घेतलं. तिने विचारलं, "हात जड आहे म्हणे तुमचा?"

"रंगाला हलका लागतो, बाई."

'हात' हा शब्द त्याच्या तोंडात सारखा असायचा. रंगाऱ्यांचा हात म्हणजे रंगाचा एक थर. ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं, कारण कोचने विचारलं होतं की काम कसं करणार, आणि तो म्हणाला होता, "आधी घासायची, मग अस्तर, मग दोन हात मारायचे."

"दोन हात?" कोच ओरडला होता. "आमच्याकडे दोन हात केले की नाकातून रक्त येतं!" सगळे खेळाडू हसले. मावशीही हसली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ती हे विसरल्याचं नाटक करणार आहे.

लहानसहान गोष्टींनी काही होईना, तेव्हा ती बॅगेकडे वळली. दुपारी हॉल रिकामा असायचा. रंगारी कोपऱ्यात उकिडवा बसून खालची भिंत खरवडत होता. मावशीने सगळ्यात जड बॅग दोन्ही हातांनी कवटाळली, मागे मागे ओढत नेली, चवड्यांवर उभी राहिली आणि सोडली.

बॅगेने त्याला मागून गाठलं. त्याचं तोंड भिंतीवर आपटलं तो आवाज तिने इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. चामड्याचा नव्हे, हाडाचा. तो गुडघ्यांवर आला. वळला तेव्हा नाक एका बाजूला गेलेलं आणि वरचा ओठ फाटून दातांवर लोंबत होता. रक्त हनुवटीवरून धारेने शर्टात चाललं होतं. आणि तो उठला. मावशीने माणसं उठताना खूप पाहिली होती, पडलेली माणसं वेगवेगळ्या तऱ्हांनी उठतात. हा माणूस मारायला उठला होता.

दोन ढांगांत तो समोर आला. उजवी मूठ कानाच्या मागे गेली. खांद्यातून येणार, मावशीने ओळखलं. ती जागची हलली नाही.

"मार," ती म्हणाली. "मार ना, मुडद्या!"

मूठ सुटली. तिच्या कानाजवळून वारा गेला आणि मागच्या बॅगेवर धाडकन बसली. मग दुसरी. मग तो थांबेचना. डोकं खाली घालून, तोंडातून रक्ताचे फुगे काढत तो त्या बॅगेला मारत सुटला. मुठींची साल निघाली, चामड्यावर लाल ठसे उठले, तरी चालूच. शेवटी मावशीने स्वतः शिवलेली शिवण उसवली आणि चिंध्यांचं आतडं बाहेर आलं. छोट्याचं तोंड या जागी होतं, तिला वाटलं. तिला वाटलं होतं की तिला राग येईल. तिला ओकारी आली.

तो थांबला. दोन्ही हात काखांत दाबून धापा टाकत उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला. फाटक्या ओठामुळे शब्द ओले येत होते. "मी तुम्हाला मारावं असं तुम्हाला पाहिजे आहे. का, ते मला कळत नाही. पण घरी म्हातारा पडून आहे. त्याला कुशीवर वळवायला माझ्याशिवाय कुणी नाही. नाही वळवला तर पाठ सडते. मी नाही मारणार."

मग त्याने शर्टाने तोंड पुसलं आणि भिंतीवर उडालेलं आपलंच रक्त खरवडायला बसला. रक्तावर रंग धरत नाही म्हणे.

घरी मावशीने भावाला सगळं सांगितलं. छोट्या जेवत होता. डावा डोळा गेल्यापासून तो मान वळवून जेवायचा, ताट कुणी पळवून नेईल अशी नजर ठेवून.

"बॅग घातलीस त्याच्या अंगावर?"

"मग काय ओवाळू त्याला?"

"त्याला माहितेय तू कोण?"

"नाही."

"मग तो बिचारा मार कशाचा खातोय ते त्याला कळणार कसं?"

"बिचारा?" मावशीने पाण्याचा तांब्या आदळला. "बिचारा म्हणालास?"

"सोड ना ताई. डोळा माझा गेलाय. मी बसलोय ना गप."

"तू लहानपणापासून गपच बसतोस. तुझी भांडणं मीच केली."

"तेच तर," छोट्या म्हणाला आणि उरलेलं जेवण तसंच ठेवून उठला. जेवण टाकणाऱ्यातला तो नव्हता. तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण राग चढला की मावशीच्या लक्षात फक्त राग राहायचा.

काम शेवटच्या भिंतीवर आलं. सर्वांत मोठी, छताला भिडलेली, रिंगच्या मागची. ती झाली की त्याची शिक्षा संपणार होती. आणि शिक्षा संपली की मग त्याने कुणाला बोट लावलं काय आणि मिठी मारली काय, कुणी विचारणार नव्हतं. मावशीला रात्र रात्र झोप लागेना.

त्या दुपारी ती फडकं-बादली घेऊन आत आली तेव्हा तो शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर होता. कान आणि खांद्याच्या मधे फोन धरलेला. पलीकडे बाप. बापाला फार कमी ऐकू यायचं, त्यामुळे बोलणं रिकाम्या हॉलभर घुमत होतं.

"हो बाबा! एक हात मारला!... तिला हो, तिला! आधी चांगली घासली, मग मारला!... काय?... नाही, एकाने नाही भागत, लई जुनाट आहे! कडेकडेने फुगलीय!... हो! आज दुसरा हात मारतो की संपली! ती संपली की मी सुटलो!"

भिंत ती आणि बाईही ती. आपल्या भाषेने दोघींना एकच सर्वनाम दिलंय, त्यात रंगाऱ्याचा काय दोष? मावशीला कळलं नाही असं नाही. तो भिंतीबद्दल बोलतोय हे तिला तितकंच स्पष्ट ठाऊक होतं जितकं हातात फडकं आहे हे ठाऊक होतं. पण रांगेत घुसणारी बाई पुढच्याला कोपराने बाजूला सारते ना, तसं तिने त्या कळण्याला बाजूला सारलं. घासली. मारला. संपली. ती म्हणजे मी. हा मला मारणार आहे. म्हणालाच तसा. आपल्या कानांनी ऐकलं.

ती शिडीपाशी गेली आणि शिडीच्या पायावर तिने लाथ घातली.

शिडी फरशीवरून किंचाळत सरकली. त्याने भिंतीला धरायला हात पसरले. ओल्या रंगावर पाच बोटांचे लांब ओरखडे उमटले, वरपासून खालपर्यंत. मग तो आला. उजवा हात अंगाखाली घेऊनच पडला आणि कोपराच्या खाली हात जिथे वळत नाही तिथे वळला. कातडी फाडून हाड बाहेर आलं, पांढरं, टोकदार, सोललेल्या काडीसारखं. वरून बादली. पिवळा रंग त्याच्या तोंडावर, छातीवर, हाडावर सांडला आणि रक्त त्यात मिसळून नारिंगी होत फरशीवर पसरलं. तो ओरडला नाही. श्वास आत घ्यायचा नुसता प्रयत्न करत राहिला, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा.

फोन बाजूला पडला होता. चालूच होता. त्यातून म्हातारा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारत होता, "काय रे? काय पडलं? शिडी कुणी धरलीय ना रे? शिडी धरायला आहे ना कुणी?"

मावशीने आधी साहेबांना फोन लावला. दवाखान्याच्या गाडीला नंतर. हा क्रम तिला पुढे फार दिवस पुरला.

साहेब धावत आले. स्ट्रेचरवर घेताना रंगारी शुद्धीत होता. पिवळ्या तोंडात डोळे तेवढे लाल.

"मला मारणार म्हणत होता," मावशीने सांगितलं. तिचा आवाज थरथरत होता आणि ते नाटक नव्हतं. "एक हात मारला, आता दुसरा मारून संपवतो, असं. फोनवर. रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होता."

"भिंत!" रंगारी म्हणाला. "साहेब, भिंत हो! भिंतीला हात..." आणि त्याला उलटी झाली.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. विश्वास कुणावर ठेवायचा हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. एकीकडे दांडीने डोळा फोडलेला माणूस आणि दुसरीकडे मावशी.

"आणि शिडी कशी पडली?"

"मी घाबरले. घाबरून..." मावशी म्हणाली. "मी फक्त शिडीला हात लावला."

वाक्य तोंडातून गेलं आणि तिला ते ओळखीचं वाटलं. तिच्या तोंडात दुसऱ्याचा उष्टा घास यावा तसं. मी फक्त शिडीला हात लावला. शब्द तेच, सूर तोच, शेवटी खांदे उडवणंही तेच.

"कोर्टात एवढं सांगाल?" साहेब म्हणाले. "मग त्याची उरलेली शिक्षा तुरुंगात. वर धमकीचा नवा खटला. बराच काळ बाहेर येत नाही."

"सांगेन," मावशी म्हणाली.

छोट्या डेपोतून आला तेव्हा ती दारातच उभी होती. त्याने चप्पल काढायच्या आत तिने विचारलं.

"हात लावला होतास की लाथ?"

"काय?"

"शिडीला. त्या दिवशी. हात की लाथ?"

"आता ते काय काढलंस..."

मावशीने थोबाडीत मारली. त्याच्या डाव्या बाजूने, जिकडचं त्याला दिसत नव्हतं. गालावर सणसणीत बसली. सहा फुटी माणूस भेलकांडून दाराच्या चौकटीवर आदळला आणि ओठ फुटला. तिने पुन्हा मारली, त्याच बाजूने, आणि त्याने दुसरीलाही हात वर करून अडवलं नाही, कारण हात कुठून येतोय ते त्याला दिसतच नव्हतं. मग मात्र तिला ते कळलं आणि तिचा हात हवेतच राहिला.

"लाथ," छोट्या म्हणाला. तो चौकटीला टेकून खाली बसला. "दोनदा. पहिलीने हलली नाही."

"म्हातारा वर असताना?"

"वर होता म्हणूनच तर मारली ना. स्कूटर नवी होती गं." तो ओठ चोखत राहिला. "ओरडला नाही तो. हातातला ब्रश सोडला नाही शेवटपर्यंत. ब्रश घेऊनच खाली आला. मी हसलो, ताई. तेव्हा त्याच्या पोराने दांडी घातली."

"मला का नाही सांगितलंस?"

"वकिलाने सांगितलं की कोर्टात. तू होतीस तिथे."

मावशी त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळाने तिने पदराने त्याचा ओठ टिपला. त्याने टिपू दिला. शेजारीण काही मागायला आली ती त्यांना असं बसलेलं बघून न मागताच परत गेली.

तारखेच्या दिवशी कोर्टात जाताना मावशीने पिशवीत टॉवेल, कंगवा आणि जाड चादर घेतली. तुरुंगात थंडी असते असं तिने ऐकलं होतं. मागच्या बाकावर बसायची सवय, पण आज तिला पुढे बोलावलं. रंगारी व्हीलचेअरवर होता. हाताला बाहेरून लोखंडी सळ्या लावलेल्या, त्या थेट मांसात गेलेल्या. नाक वाकडंच राहिलं होतं. तेही आपलंच काम, तिला आठवलं.

न्यायाधीश बाईंनी कागदावरचं वाचलं. "आरोपीने मारण्याची धमकी दिली आणि तुम्ही घाबरून शिडीला हात लावला. बरोबर?"

आता नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. हो म्हटलं की तो आत आणि ती घरी. त्या एका अक्षरासाठी तिने किती दिवस घातले होते.

"हात नाही," मावशी म्हणाली. "लाथ मारली."

साहेबांचा रुमाल नाकापाशी थांबला.

"आणि तो भिंतीबद्दल बोलत होता. मला तेव्हाच माहीत होतं. रंगाऱ्यांचा हात म्हणजे काय ते आमच्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहे." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "त्याने ज्याचा डोळा फोडला त्याची मी बहीण. त्याने मला मारावं म्हणून मी फार खटपट केली. नाही मारलं त्याने. मग मीच मारलं."

रंगाऱ्याने मान वळवली. पहिल्यांदा कोर्टात तिला मान न दिसता तोंड दिसलं. त्यावर दया नव्हती, माफी नव्हती. कुत्र्याने चावलेल्या जागेकडे माणूस बघतो तसं तो तिच्याकडे बघत होता.

तुरुंग मात्र मिळाला नाही. पिशवीतली चादर तशीच परत आली. साहेब पुन्हा शिंकत समजावत होते, या वेळी तिलाच: आत पाठवून काय होतं, जिथे केलं तिथेच काम, लोकांना दिसू दे. अट एकच, कुणावर हात उचलायचा नाही.

"बोट जरी?" मावशीने विचारलं.

"लाथ जरी," साहेब म्हणाले. त्यांना विनोद करता येतो हे तिला तेव्हा कळलं.

उरलेली भिंत तिने रंगवायची होती. आणि कसं रंगवायचं ते सांगायला रंगारी बसणार होता, कारण त्याचीही थोडी शिक्षा उरली होती आणि उजव्या हाताची तीन बोटं आता मिटत नव्हती. ही कल्पना साहेबांची. दोघांना विचारलं तेव्हा दोघांनीही नाही म्हटलं नाही. दोघांनाही सुटायचं होतं.

भिंतीवर त्या पाच बोटांचे ओरखडे तसेच वाळले होते. आधी तिने ते घासले. तो खुर्चीवरून नुसतं "अजून" म्हणायचा. "अजून. अजून. झोपलात काय?" तिचे खांदे मोडून आले. कोच हळूच येऊन बघून गेला. हॉलमध्ये आता मावशीशी कुणी चेष्टा करत नव्हतं.

"म्हाताऱ्याला कोण वळवतं आता?" तिने भिंतीकडे तोंड ठेवून विचारलं.

"शेजारीण. कुरकुरते." थोड्या वेळाने तो म्हणाला, "पाठ फुटलीय त्याची."

ती घासत राहिली. अस्तर झालं. पहिला हात झाला. वाळला.

"आता दुसरा," तो म्हणाला. "वरून सुरुवात. चढा."

मावशीने शिडीकडे पाहिलं. "धरणार कोण?"

"मी आहे ना."

तो खुर्चीतून उठला आणि डाव्या हाताने त्याने शिडी धरली. हॉल रिकामा होता. मावशी एकेक पायरी चढत गेली, एका हातात रंगाने भरलेली जड बादली. वर पोचल्यावर तिने खाली पाहिलं आणि तिला ती दिसली. मान. बरोबर तिच्या खाली, जाड, विटेच्या रंगाची, डाव्या बाजूला नखाएवढा खड्डा. बादली नुसती सोडली तरी पुरे. आणि त्याचा बूट शिडीच्या पायाशी अगदी टेकून होता. शिडी सरकू नये म्हणून अडवून धरलेला की एका लाथेसाठी तयार ठेवलेला, ते वरून कळत नव्हतं. ते कळायचा एकच मार्ग होता.

"काय बघताय?" तो मान वर न करता म्हणाला.

"काही नाही."

"मग मारा ना."

मावशीने बादली वरच्या आकड्याला अडकवली, ब्रश बुडवला, कडेला निथळला आणि दोन्ही हात शिडीवरून सोडून भिंतीला लावला.